शिक्षण कशासाठी? यंत्रासाठी की माणसासाठी?

गोरेगाव म्हटले की लोकांना मुंबईचे उपनगर आठवते. आमचे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. कापूस आमचा, घाम आमचा. पण इथे कारखाना काढा म्हटले की मालक लोक म्हणतात, "तुमच्याकडे शिकलेला माणूस कुठाय?"

बरं तर, हिशेब मांडू या.

१९४४ साली टाटा, बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास, कस्तुरभाई लालभाई अशा आठ मंडळींनी देशाच्या प्रगतीची योजना छापली. तिला लोक ‘बॉम्बे प्लॅन’ म्हणतात. पंधरा वर्षांचा खर्च दहा हजार कोटी. त्यात उद्योगाला ४,४८० कोटी आणि शिक्षणाला ४९० कोटी! शंभरातले पाच रुपयेसुद्धा नाहीत. प्रत्येक पोराला प्राथमिक शाळा आणि प्रौढांना अक्षरओळख हवी, असे त्या योजनेत होते, हे आम्ही मान्य करतो. मालकाला शिक्षण नको, असे आमचे म्हणणे नाही. त्याला ते हवेच आहे. पण किती हवे, कशासाठी हवे आणि खर्च कुणी करायचा, तिथे मेख आहे.

आमचेच बघा. आम्ही चौथी शिकलो. कामावर घेताना इंग्रजी कागदावर आमची सही घेतली. पुढे खाडे कापले, जादा कामाचे पैसे बुडाले. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, "सही तुझीच ना?" यंत्र चालवायला आमची चौथी पुरली, कागद वाचायला पुरली नाही. मालकाच्या हिशेबी एवढे शिक्षण बस्स झाले. आमच्या हिशेबी शिक्षण तिथून सुरू होते!

आणि मागासलेपणाचा ठपका आमच्यावर का? निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही हैदराबादेत आणि उर्दूतून. निजामी १९४८ साली गेली, पण मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. पाय बांधून ठेवायचे आणि वर म्हणायचे, पळत का नाही?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला बजावले होते की सरकारचा पैसा रयतेच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर. आज काय वेगळे आहे? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे ठरले. २०२३ साली आपल्या राज्यात शाळा दत्तक देण्याची योजना आली. भिंती रंगल्या तर चांगलेच आहे. पण शाळा काय अनाथ आहे, की तिला दत्तक द्यावे? २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. हक्काला देणगीची पाटी लागत नसते!

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. गावची शाळा सरकारने कराच्या पैशातून चालवावी. पोराला यंत्राबरोबर कामगार कायदाही शिकवावा. आणि कामाचा करार, पगाराची चिठ्ठी, नियम, सगळे मराठीत लिहून मिळावे.

भावांनो, बायांनो, पोरीपोरांना शाळेतून काढू नका. मालकाला शिकलेला हात पाहिजे. आपल्याला शिकलेला माणूस पाहिजे, जो सही करण्याआधी कागद वाचील!