गस्तीच्या रायफलीवर काय हवे? भंडाऱ्यातून काही प्रश्न

भंडाऱ्यात पहाटे पाच वाजता कोणत्याही मोकळ्या मैदानावर जा, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतील. त्यातली बरीच आपल्या वस्त्यांमधली आहेत. सोळाशे मीटर, गोळाफेक, आणि संध्याकाळी अभ्यासिकेत सामान्य ज्ञान. हल्ली त्यांच्या मोबाईलवर अमेरिकी पोलिसांच्या रायफलींचे व्हिडिओ फिरत असतात. कुठली दुर्बीण, कुठली टॉर्च, कुठला पट्टा. त्यातल्या एकाने आम्हाला विचारले, "दादा, आपल्या पोलिसांच्या गाडीत हे सगळे का नसते?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. उद्या हाच मुलगा गणवेशात असेल, कदाचित एखाद्या वस्तीसमोर बंदोबस्ताला उभा असेल.

गस्तीच्या गाडीत साध्या शिपायासाठी रायफल ठेवण्याच्या पद्धतीने अमेरिकेत १९९७ नंतर जोर धरला. त्या वर्षी २८ फेब्रुवारीला लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात दोन दरोडेखोर चिलखत घालून, स्वयंचलित बंदुका घेऊन बँकेबाहेर आले. पोलिसांच्या पिस्तुलाच्या गोळ्या त्या चिलखताला भेदत नव्हत्या. शेवटी पोलिसांना जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणाव्या लागल्या. त्यानंतर गस्तीवरच्या पोलिसांना रायफली मिळू लागल्या.

त्याच वर्षी ११ जुलैला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि आपले दहा लोक गेले. टँकर पेटवले जाणार होते, हा पोलिसांचा बचाव गुंडेवार आयोगाने मानला नाही. गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने तुकडीच्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली, पुढे उच्च न्यायालयाने ती शिक्षा स्थगित करून त्याला जामीन दिला.

एकाच वर्षातल्या या दोन घटना. तिकडे पोलिसांकडे रायफल नव्हती, इकडे होती. शस्त्र आणि साहित्य निवडताना दोन्ही घटना समोर ठेवाव्या लागतात. मोबाईलवरच्या व्हिडिओत पहिलीच दिसते.

पोलिसांना चांगले शस्त्र नकोच, असे आम्ही म्हणत नाही. २६/११ च्या रात्री मुंबईच्या पोलिसांनी जुन्या थ्री-नॉट-थ्री आणि काठ्या घेऊन एके-४७ चा सामना केला. थ्री-नॉट-थ्रीत प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो. तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली तेव्हा त्यांच्याकडे फक्त काठी होती. पुढे राम प्रधान समितीच्या अहवालातून सरावासाठी पुरेसा दारूगोळाच नसल्याचेही समोर आले. शिपाई हाही कुणाच्या तरी घरचा मुलगा असतो, आणि त्याला निकृष्ट साहित्य देऊन मरायला पाठवणे हाही अन्यायच.

आता साहित्याकडे येऊ. आमची कसोटी एकच आहे: या वस्तूमुळे पोलिसाला विचार करायला वेळ मिळतो की गोळी झाडणे फक्त सोपे होते?

पट्टा, म्हणजे स्लिंग, ही सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची वस्तू. इन्सास रायफल रिकामी असतानाच चार किलोच्या आसपास भरते. चांगला पट्टा नसेल तर दोन्ही हात बंदुकीतच अडकतात. मग जखमीला उचलायचे कसे, बेडी घालायची कशी, म्हातारीला गर्दीतून बाहेर काढायचे कसे? हात मोकळे असलेला पोलीस दहा गोष्टी करू शकतो. हात अडकलेला एकच करू शकतो.

दुसरी वस्तू टॉर्च. अंधारात समोरच्याच्या हातात कोयता आहे की मोबाईल, हे दिसल्याशिवाय नेम धरणे गुन्ह्यासारखेच आहे. पण टॉर्च रायफलीवर बसवली की पोलीस जिकडे उजेड पाडेल तिकडे नळीही रोखली जाते. वस्तीत कुणाला शोधायचे म्हणजे प्रत्येक दारावर, प्रत्येक लेकरावर बंदूक रोखायची का? म्हणून हातात धरायची वेगळी टॉर्च आधी द्यावी, रायफलीवरची नंतर.

दुर्बिणीचेही तेच. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावात एका काळ्या तरुणाला पोलिसाने गोळी घातल्यानंतर निदर्शने झाली. तेव्हा चिलखती गाडीवर बसलेले पोलीस रायफलीच्या दुर्बिणीतून गर्दी न्याहाळत होते. ते म्हणणार आम्ही फक्त पाहत होतो, पण समोरच्याला आपल्यावर रोखलेली नळीच दिसणार. या प्रकारावर तिथल्या न्याय खात्याच्या आढाव्यातही टीका झाली. पाहायचेच असेल तर साधी दुर्बीण गळ्यात घाला. लाल ठिपक्याची साईट नेम पटकन जुळवून देते हे खरे. मात्र ती रायफलीशी जुळवून घ्यावी लागते, तिची बॅटरी संपते, आणि सरावाच्या गोळ्या नसतील तर ती शोभेचीच राहते. आधी सराव, मग साईट.

गोळीचाही विचार हवा. एसएलआरची ७.६२ मिलिमीटरची गोळी युद्धभूमीवरच्या लांब पल्ल्यासाठी आहे. आपल्या वस्त्यांमधली टिनाची भिंत तिला अडवत नाही. एका घरावर झाडलेली गोळी मागच्या घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला लागू शकते.

व्हिडिओत क्वचित दिसणाऱ्या दोन वस्तू आम्ही यादीत वर ठेवू. एक टूर्निकेट, म्हणजे हातापायातून वाहणारे रक्त आवळून थांबवणारा पट्टा, त्यासोबत प्रथमोपचाराचा डबा. तो पोलिसाचाही जीव वाचवतो आणि ज्याला गोळी लागली त्याचाही. दुसरी छातीवरचा कॅमेरा. गोळीबारानंतर बहुतेकदा पोलिसांचीच कहाणी कागदावर येते. दुसरी कहाणी सिद्ध करायला आपल्याला वर्षानुवर्षे आयोगांसमोर उभे राहावे लागते.

हे सगळे भंडाऱ्यात आणून पाहा. वैनगंगेच्या घाटांवरून रात्री रेती भरून निघणारे टिप्पर, महामार्गावरचे अपघात, गावातली भांडणे, दारू. रात्रीच्या गस्तीवर समोर येते ते बहुधा हेच. यात रायफलीचे काम फार थोडे. उजेड, गाडी, माणूसबळ आणि वेळेवर पोचणे, काम यांचे.

वेळेवर पोचण्याचे म्हटले की आपल्या जिल्ह्यात एकच नाव आठवते. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. त्यानंतर निष्काळजीपणाबद्दल पोलीस निलंबित झाले. त्या संध्याकाळी कमी पडली ती रायफल नव्हती. दुर्बीण नव्हती, टॉर्च नव्हती. आपल्या माणसाची तक्रार तातडीची आहे असे वाटण्याची वृत्ती कमी पडली. पुढे नोव्हेंबरमध्ये लोक न्याय मागायला रस्त्यावर उतरले तेव्हा मात्र बंदुका वेळेवर पोचल्या. अमरावतीत पोलीस गोळीबारात एक तरुण गेला.

साहित्याने वृत्ती बदलत नाही, हे अमेरिकेनेही पाहिले. २०२२ मध्ये टेक्सासच्या युवाल्डी गावातल्या शाळेत ३७६ पोलीस जमले होते, अनेकांच्या हातात रायफली होत्या. वर्गात शिरून हल्लेखोराला मारायला त्यांनी ७७ मिनिटे लावली. एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. आणि परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत गेला तेव्हा तर कुठल्याही रायफलीची गरजच पडली नाही. गुन्हा नोंदवण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून मिळवायला जुलै २०२५ उजाडला.

म्हणून अभ्यासिकेतल्या मुलांसोबत बसून आम्ही माहिती अधिकाराचा एक अर्ज तयार केला आहे. शस्त्रे किती आणि कुठे, हे आम्ही विचारलेले नाही. सुरक्षेच्या नावाखाली ते नाकारले जाईल, आणि आम्हाला त्याची गरजही नाही. विचारले आहे ते एवढेच: गेल्या तीन वर्षांत शिपायांचा गोळीबाराचा सराव किती दिवस झाला? जमाव पांगवण्याचे आणि बळाच्या क्रमाक्रमाने वापराचे प्रशिक्षण किती जणांना मिळाले? ११२ च्या किती गाड्यांत प्रथमोपचाराचा डबा आहे, छातीवरचे कॅमेरे किती, त्यांचे चित्रण किती दिवस ठेवतात? पोलीस चकमकीतल्या मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पीयूसीएल खटल्यात दिलेल्या सूचना ठाण्यांना कळवल्या आहेत का?

अर्जावर पहिली सही त्याच मुलाने केली ज्याने व्हिडिओ दाखवला होता. सही करताना त्याने विचारले, याने भरतीत अडचण तर येणार नाही ना? माहिती मागणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे आम्ही त्याला सांगितले. तरी खात्री म्हणून आमची सही वर घेतली आणि त्याची खाली ठेवली.