रिकाम्या हातातला आकडा

पावसाळ्यात आपल्या नागावचा किनारा ओस पडतो. पाण्यातले खेळ बंद, पर्यटक तुरळक. हंगामावर पोट असलेल्या पोरांचे हात रिकामे. मोबाइल मात्र हातातच असतो.

पूर्वी आकडा लावायला अड्ड्यावर जावे लागे. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी चालवलेल्या मटक्याने गिरणी कामगारांचे पगार गिळले. पण तेव्हा कोणी पाहील ही लाज तरी होती. आता जुगार पांघरुणाखाली चालतो. शेजारी झोपलेल्या आईलाही पत्ता नसतो.

पोरगा केवळ हावेपोटी खेळतो असे समजू नका. घरात पैसे देता येत नाहीत, याची त्याला बोचणी असते. पहिल्यांदा शंभराचे तीनशे होतात. मग हरू लागतो आणि गेलेले परत मिळवायला कर्ज काढतो.

हिशेब साधा आहे. मटक्यात आकडे दहा, आणि लागलेल्या आकड्याला रुपयाला नऊ मिळत. दहाही आकड्यांवर रुपया लावा: गेले दहा, आले नऊ. मोबाइलवरचा जुगारही चालवणाऱ्याचा वाटा काढूनच मांडलेला असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा पोराने कबुली दिली तर हात उगारू नका. आधी कर्जाचा आकडा कागदावर मांडा.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. सभेत जुगाऱ्याच्या शब्दाला किंमत उरत नाही, हा त्यातलाच एक. निदान घरात तरी त्याचा शब्द ऐकून घ्या.