ओले धान्य वर ठेवा

रमजानमध्ये असरची नमाज झाली की बाजाराला खरी जाग येते. कुठे समोसे आणि फिरनी, छत्रपती संभाजीनगरात नान-खलिया, मुंबईत मिनारा मशिदीच्या सावलीत मालपुवा. गेल्या काही वर्षांत कढईइतकाच मोबाइलही या बाजाराचा भाग झाला आहे. प्रत्येक गाडीवाल्याला रील हवी आहे, तीही लाखभर लोकांनी पाहिलेली. मगरिबची अजान होते, रोजा सुटतो आणि परातीत उरलेला माल तसाच राहतो. मग प्रश्न पडतो, एवढ्या लोकांनी पाहिले, तर घेतले कोणी?

उत्तर सोपे आहे. मिरजेतल्या गाडीची रील नागपुरात कितीही पाहिली गेली, तरी तिथला माणूस इफ्तारला मिरजेत येणार नाही. छोट्या धंद्याचे गिऱ्हाईक पायी किंवा दुचाकीवर येणारे असते. त्याला नाचगाणे नको. आज काय आहे, कितीला आहे आणि कुठवर मिळेल, एवढेच हवे असते. अनेक पोस्टवर नेमके तेच नसते. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असे लिहिले की निम्मे लोक तिथूनच परत फिरतात.

यावर उपाय महाग नाहीत. भारतात २०१८च्या जानेवारीपासून व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप मोफत मिळते. त्यात पदार्थांची यादी फोटो आणि दरासह लावता येते. मात्र ब्रॉडकास्टचा संदेश, ज्याने दुकानाचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोहोचतो. म्हणून पुडी बांधून देताना ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ हे एक वाक्य दहा रीलपेक्षा जास्त कामाचे. गूगल मॅपवर रमजानची वेगळी वेळ टाकावी. पोस्ट दुपारी चारच्या सुमारास टाकावी, कारण इफ्तारला काय आणायचे हे घरात तेव्हाच ठरते. रात्रीच्या खाण्याची पोस्ट तरावीहच्या नमाजनंतर. आणि नव्या गिऱ्हाइकाला ‘कुठून कळले?’ असे विचारून वहीत नोंद ठेवावी. आठवडाभरात कळते, पैसे कशावर घालायचे.

घरून ऑर्डर घेणाऱ्या महिलांसाठी तर हे फार महत्त्वाचे. ईदच्या शीरखुर्म्याच्या साहित्याची किंवा शेवयांची ऑर्डर आगाऊ घेतली, तर सामान मोजून आणता येते आणि उधारी अंगावर येत नाही. अनेक घरांत ईदचे कपडे याच कमाईतून येतात.

पण सगळ्यात मोठी जाहिरात म्हणजे भरवसा. या बाजारात हिंदू, जैन, ख्रिस्ती शेजारीही हौसेने येतात. त्यांच्या मनात शंका असतात, त्या तोंडावर विचारायला संकोच वाटतो. बटाट्याचा समोसा वेगळ्या तेलात तळला आहे का? फालुद्याच्या जेलीत जिलेटिन आहे का? पोस्टवर हे आधीच स्पष्ट लिहिले आणि खाद्य नोंदणीचा क्रमांकही दिला, तर गिऱ्हाईक निःशंक येते. तेल एकच असेल, तर तसेही लिहावे. एका पुडीचे नुकसान परवडते. शेजाऱ्याचा विश्वास एकदा मोडला की दुरुस्त होत नाही, आणि तो एका दुकानापुरता राहत नाही.

पैगंबरांची एक हकिकत हदीसमध्ये येते. मदिनेच्या बाजारात त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. आजची रील म्हणजे राशीचा वरचा थरच. फोटोत काजू-बदाम आणि डब्यात नुसती साखर असेल, तर तीही ओल लपवणेच आहे. पैसे किंवा फुकट जेवण घेऊन ‘शहरातली सर्वोत्तम बिर्याणी’ म्हणणाऱ्यांचेही तेच. असे कौतुक करताना मोबदला उघड सांगावा, हे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३च्या जानेवारीत मार्गदर्शक सूचनांतून स्पष्ट केले आहे.

आणखी एक मोह टाळायला हवा. गरिबाच्या हातात इफ्तारचे पाकीट देतानाचा फोटो दुकानाच्या पानावर टाकणे. गुपचूप केलेले दान अधिक चांगले, ही कुरआनची शिकवण आहे. घेणाऱ्याचा चेहरा ही जाहिरातीची जागा नव्हे.

रमजान २९ किंवा ३० दिवसांत संपतो. दुकान वर्षभर चालवायचे असते. त्यामुळे माल संपला तर ‘आजचे संपले, उद्या या’ असे सरळ लिहावे. दर वाढला तर कारणासह सांगावे. तक्रार आली तर ती पुसून न टाकता तिथेच उत्तर द्यावे. असे दुकान रीलमध्ये झळकले नाही, तरी ईदनंतरच्या शांत आठवड्यातही त्याच्या दारात कोणीतरी उभे असते.