झरीचा ओला कचरा आणि दुकानदाराची वही

जेवण संपल्यावर थाळीत थोडे पाणी घालून, ती बोटाने निपटून ते पाणी पिण्याची चाल अनेक जैन कुटुंबांत आजही पाळली जाते. अन्नाचा कण वाया जाऊ नये, हा तिचा एक हेतू. उष्टे तसेच पडून राहिले तर अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, त्यात संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात अशी धारणा आहे. त्यांची विराधना टळावी, हा दुसरा. ज्या घरात हा नियम आजीपासून नातवापर्यंत चालत आला आहे, त्याच घराच्या दुकानामागे सायंकाळी एक पोते भरते. त्यात भिजून वास आलेले धान्य, कुजलेले कांदे-बटाटे, नासलेल्या दुधाची पिशवी आणि प्लॅस्टिकचे कागद एकत्र कोंबलेले असतात. ते पोते पुढे कोठे जाते, याची नोंद ना रोजमेळात असते, ना खातेवहीत.

अशी पोती जेथे साचतात तेथे काय घडते, हे आधी समजून घ्यावे. ओला कचरा हवा खेळेल अशा रीतीने कुजला, तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो आणि मागे खत उरते. तोच कचरा ढिगाखाली दबला आणि त्याला हवा मिळेनाशी झाली, की तेथे मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या मापाने पाहिले तर मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. वीस वर्षांच्या मापाने हे प्रमाण ८० पटींच्या घरात जाते. तो ज्वालाग्राहीही आहे. मुंबईच्या देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. तेथे जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर अवकाशातून टिपलेल्या छायाचित्रांतही दिसला होता. गावाच्या वेशीवरचा ढीग देवनारच्या मानाने अगदी लहान असतो. पण त्याच्या पोटात चालणारी क्रिया तीच असते. म्हणून ओला कचरा ढिगापर्यंत पोहोचूच नये, यासाठी शासन आता पैसे देते. ते पैसे एखाद्या लहान गावाच्या वाट्याला किती येतात आणि त्यांत काय भागते, हे झरीच्या निमित्ताने पाहण्यासारखे आहे.

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील झरी हे वारली आदिवासींचे गाव. गोदावरी परुळेकर यांनी ज्या वारली चळवळीचे नेतृत्व केले, तिच्या आरंभीची मोठी सभा मे १९४५ मध्ये याच झरीत भरली होती. वेठबिगार करणार नाही आणि कामाचा मोबदला घेतल्याखेरीज राहणार नाही, हा त्या चळवळीचा निर्धार होता. कष्ट एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा, हा हिशेब या भूमीने ऐंशी वर्षांपूर्वीच नाकारला आहे. कचऱ्याच्या बाबतीत तसाच हिशेब पुन्हा मांडला जाऊ नये, याची काळजी आज बाजारपेठेतील व्यापाऱ्याने घ्यावयाची आहे.

याचे कारण सरळ आहे. अशा गावातील शेतकऱ्याच्या घरी 'ओला कचरा' नावाची वस्तू फारशी नसतेच. शिळा भात कोंबड्यांना जातो, भाजीची साले गुरांना जातात, शेण आणि पालापाचोळा राबाला किंवा शेताला लागतो. टाकाऊ ढीग वाढतो तो बाजारामुळे: भाजीची दुकाने, किराणा, मिठाई, खाणावळी, महामार्गावरचे ढाबे आणि लग्नसमारंभ यांमुळे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण तो झाडावरून उतरला की थोड्याच दिवसांत पिकतो आणि वेळेवर विकला नाही तर पाटीच्या तळाशी फुटतो. तोही बाजाराचाच कचरा. झरीसारख्या गावांची खरेदी-विक्री तलासरी, डहाणू आणि उंबरगाव या बाजारपेठांशी बांधलेली आहे. त्या पेठांमधील उलाढालीत ज्यांचा वाटा आहे, त्यांचा कचऱ्यातही वाटा आहे.

आता अनुदानाकडे वळावे. स्वच्छ भारत मिशन, ग्रामीण, या योजनेचा दुसरा टप्पा २०२० मध्ये सुरू झाला. त्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावाला घनकचऱ्यासाठी दरडोई ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी दरडोई २८० रुपये ठरविण्यात आले. पाच हजारांवरील गावांसाठी हे दर अनुक्रमे ४५ आणि ६६० रुपये आहेत. यातील ७० टक्के रक्कम मिशनकडून आणि ३० टक्के ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून यावयाची. समजा, एखाद्या गावाची लोकसंख्या ४,००० आहे. घनकचऱ्यासाठी त्याच्या वाट्याला २ लाख ४० हजार रुपये येतात. पैकी १ लाख ६८ हजार मिशनचे आणि ७२ हजार ग्रामपंचायतीच्या निधीतले. यात खतखड्डे, एखादी तीनचाकी ढकलगाडी आणि वर्गीकरणाची शेड एवढे होऊ शकते. तलासरी, डहाणू ही नागरी क्षेत्रे मात्र १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशन, नागरी २.० खाली येतात. तेथे एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहराला घनकचरा प्रकल्पाच्या मान्य खर्चाच्या निम्मा वाटा केंद्राकडून मिळू शकतो.

याखेरीज आणखी तीन वाटा आहेत. गोबरधन योजनेत शेण आणि ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याच्या सामूहिक संयंत्रांसाठी दर जिल्ह्याला ५० लाख रुपयांपर्यंत तरतूद ठेवण्यात आली. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या कार्यक्रमात दोन ते चार घनमीटरच्या घरगुती बायोगॅस संयंत्राला सर्वसाधारण गटात १४,३५० रुपयांचे साहाय्य ठरले. तिसरी वाट खताच्या विक्रीची. गोबरधन संयंत्रातून निघणारे सेंद्रिय खत विकले जावे, म्हणून जून २०२३ मध्ये केंद्राने प्रतिटन १,५०० रुपयांचे विक्री-साहाय्य मंजूर केले. दर आणि मुदती बदलत असतात. म्हणून प्रस्ताव करण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागात चालू दर विचारून घेणे हा शहाणपणाचा मार्ग होय. तलासरी तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने जागेची आणि कामाची निवड ग्रामसभेच्या संमतीने झाली पाहिजे, हेही ध्यानात असावे.

व्यापाऱ्याच्या नजरेतून पाहिले तर या आकडेवारीतील दोन त्रुटी चटकन लक्षात येतात. पहिली अशी, की अनुदान डोक्यांच्या संख्येवर मिळते, दुकानांच्या संख्येवर नाही. चार हजार वस्तीच्या गावात चाळीस दुकाने असोत की चार, रक्कम तेवढीच. मात्र कचऱ्याचा मोठा भाग दुकानांतून निघतो. त्यामुळे बाजारपेठेची घाण साफ करण्याचा खर्च शेवटी रहिवाशांच्या नावे आलेल्या पैशांतून होतो. दुसरी त्रुटी अशी, की हे पैसे मुख्यतः बांधकामाचे आणि साहित्याचे आहेत. टाकी उभी राहते. परंतु रोज सकाळी कचरा गोळा करणाऱ्या, त्यातून प्लॅस्टिक वेचणाऱ्या आणि खत उलथणाऱ्या माणसाचा पगार दर महिन्याला लागतो. भांडवल मिळाले आणि चालू खर्चाची सोय नसली, तर दुकानाचे काय होते हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर गवतात बुडालेले खतखड्डे अनेक गावांत दिसतात, त्याचे कारण हेच आहे.

जेथे हे काम टिकले तेथे यंत्रापूर्वी शिस्त आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला नगरपरिषदेने २०१५ नंतर, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कार्यकाळात, घरोघरी आणि दुकानोदुकानी कचरा वेगळा करूनच द्यावा असा आग्रह धरला. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, पालापाचोळ्यापासून कांडी-कोळसा आणि रस्त्याच्या डांबरात वापरण्यासाठी प्लॅस्टिकचा चुरा असे त्याचे मार्ग लागले. पूर्वी जेथे नाक दाबून जावे लागे, ती जागा 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' म्हणून लोक पाहावयास येऊ लागले. इंदूर शहरात फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओला कचरा पचविणारे वायुसंयंत्र सुरू झाले. त्यालाही आधार होता तो नागरिकांनी आधीच अंगी बाणवलेल्या वर्गीकरणाचा. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नकचरा जमिनीत पुरण्यास बंदी केली आणि २०१३ पासून टाकलेल्या कचऱ्याच्या प्रमाणात शुल्क घेण्यास सुरुवात केली. जो जितके टाकील तितके त्याने द्यावे, हे तत्त्व कोणत्याही पेढीला पटण्यासारखे आहे.

झरीसारख्या गावाला मोठ्या संयंत्राची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली 'नाडेप' पद्धत तेथे पुरेशी ठरू शकते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असा विटांचा हौद, भिंतींना हवा येण्यासाठी झरोके, आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर, आणि साधारण तीन ते चार महिन्यांत खत. हवा खेळत असल्यामुळे मिथेन फारसा होत नाही. पालघरचा पाऊस लक्षात घेता वर छप्पर मात्र हवे. नाहीतर हौदात पाणी साचून हवेचा मार्ग बंद होतो आणि मूळ हेतूच बुडतो.

येथे काही श्रावकांच्या मनात एक शंका येते, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नाही. कचरा मुद्दाम कुजविणे म्हणजे जीवोत्पत्ती घडवून तिची विराधना करणे नव्हे काय? शास्त्राचा निर्णय गुरुभगवंतांकडूनच घ्यावा. व्यवहाराची बाजू अशी आहे: कचरा एकदा निर्माण झाला की तो कोठे ना कोठे कुजणारच. मिश्र ढिगात तो कुजतो तेव्हा त्यात कृमी-कीटक तर होतातच, शिवाय अन्नाच्या वासाने आलेली गाय पिशवीसकट अन्न गिळते. पोटात प्लॅस्टिकचे गोळे झालेली जनावरे पांजरापोळांना सांभाळावी लागतात. पाच समितींमधील शेवटची, उत्सर्ग समिती, टाकण्याच्या क्रियेविषयीच आहे: टाकावयाची वस्तू निर्जीव, निर्दोष जागा पाहून, कोणाला पीडा न होईल अशा जयणेने परठवावी. साधूंसाठी ती महाव्रतांची सहचारिणी आहे. गृहस्थाने तिच्यातून निदान एवढे घ्यावे, की टाकलेल्या वस्तूची जबाबदारी हातातून सुटल्याबरोबर संपत नाही. सर्वांत कमी विराधना अर्थातच कचरा होऊच न देण्यात आहे, आणि थाळी धुऊन पिणाऱ्या घराला हे नव्याने शिकवावे लागत नाही.

समाजाच्या संस्थांनाही यात काम आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी दररोज १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांना, प्रार्थनास्थळे धरून, मोठे कचरा-उत्पादक मानले. पाचशे पानांच्या स्वामीवात्सल्यात माणशी शंभर ग्रॅम उष्टे पडले तरी ५० किलो होतात. भाजीची साले आणि देठ निराळे. भोजनशाळेने वाढप मागेल तितकेच ठेवावे, उरलेले चांगले अन्न वेळेत गरजूंपर्यंत पोहोचवावे आणि उरलेल्या ओल्या कचऱ्यासाठी स्वतःचा हौद बांधावा. मुंबईची पांजरापोळ १८३४ मध्ये उभी राहिली, त्यात शेठ मोतीशा यांच्यासारख्या व्यापाऱ्यांचा हात होता. तेव्हा त्यांनी बाजाराच्या उलाढालीतूनच जीवदयेचा खर्च काढला. आज एखाद्या पांजरापोळीने शेणावर चालणारे सामूहिक संयंत्र गोबरधनमध्ये प्रस्तावित केले आणि शेजारच्या बाजारपेठेचा निवडलेला ओला कचरा त्यात घेतला, तर तो त्याच परंपरेचा पुढचा टप्पा ठरेल.

गावपातळीवर सुरुवात याहून लहान असावी. बाजारपेठेतील दुकानदारांनी एकत्र येऊन ग्रामपंचायतीपुढे साधा प्रस्ताव ठेवावा: हौद, छप्पर आणि गाडी शासनाच्या अनुदानातून, तर ती चालविणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार दुकानांच्या वर्गणीतून. चाळीस दुकानांनी दरमहा २५० रुपये दिले तर १० हजार रुपये होतात. ते काम गावातीलच व्यक्तीला, तिला मान्य असलेल्या रोख मोबदल्यावर आणि हातमोजे, बूट यांसह मिळावे. तयार खतावर पहिला हक्क गावातील शेतकऱ्यांचा असावा, कारण जागा त्यांच्या गावाची आहे.

दिवाळीत वहीपूजन होते, तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'शुभ' आणि 'लाभ' लिहिले जाते. या वर्षी त्याच वहीत मागे एक पान राखून ठेवावे. रोज किती किलो ओला कचरा निघाला, त्यातला किती वेगळा करून दिला आणि किती पोत्यात मिसळून गेला, असे तीन रकाने पुरेत. महिन्याअखेर बेरीज केली की आपली वर्गणी किती असावी, हे दुकानदाराला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज राहणार नाही.