गाडी तुमची, नोंदवही कुणाची?

नवी गाडी घरी आणण्याचा दिवस आपल्याकडे सणासारखा असतो. कोणी नारळ वाढवतो, कोणी फातेहा देतो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. शोरूममधल्या या धामधुमीत विक्रेत्याचा माणूस ग्राहकाचा मोबाईल हातात घेतो, कंपनीचे अ‍ॅप उतरवतो, ओटीपी विचारतो आणि ‘मान्य आहे’ या चौकटीवर स्वतःच बोट ठेवतो. मिनिटभराचे काम. त्या मिनिटात मालकाने नेमके काय मान्य केले, हे त्याला कोणी सांगत नाही. आनंदाच्या भरात तोही विचारत नाही.

वाहन कंपन्या आणि त्यांचे वकील याला ‘ग्राहकाची संमती’ म्हणतात. माझ्या मते ही संमती नाही. दहा-पंधरा लाख रुपये मोजून घेतलेल्या वस्तूने मालकाविषयीच लिहिलेली वही परस्पर दुसऱ्याच्या कपाटात जाते आणि मालकाला ती कधी पाहायलाही मिळत नाही. या व्यवहाराला संमती म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

गाडी काय काय लिहून ठेवते?

आजची गाडी म्हणजे चाकांवरचा संगणक आहे, खरे तर अनेक संगणक. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, दारे, सीटचे पट्टे या सगळ्यांचे संकेत एका अंतर्गत जाळ्यातून फिरतात. एअरबॅग सांभाळणारा संगणक अपघात झाला की आधीच्या काही सेकंदांचा वेग, ब्रेक दाबला होता की नाही, पट्टा लावला होता की नाही, हे जपून ठेवतो. यात गैर काही नाही. अपघाताचा खरा तपास व्हायला त्याची मदतच होते.

पण त्याखेरीज आता गाडीत सिमकार्ड असते. २०१९मध्ये एमजी हेक्टर आणि ह्युंदाई व्हेन्यू या गाड्या ‘कनेक्टेड’ म्हणून भारतीय बाजारात आल्या. नंतर किआ, टाटा, महिंद्रा, मारुती सगळ्यांनीच ही वाट धरली. घरात बसून मोबाईलवरून एसी सुरू करता येतो, गाडी कुठे उभी आहे ते दिसते, चोरीला गेली तर माग काढता येतो. सोयी खऱ्या आहेत. मात्र ज्या तारेने तुमचा हुकूम गाडीपर्यंत पोहोचतो, त्याच तारेने गाडीची खबर कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाऊ शकते. किती वाजता निघालात, कुठे थांबलात, किती जोरात ब्रेक दाबला, रात्री किती उशिरा फिरलात, हे सगळे त्या खबरीत मावते. मोबाईल गाडीला जोडला की त्यातले संपर्क आणि कॉलची यादी गाडीच्या पडद्यामागे उतरते, आणि गाडी विकताना ती पुसायचे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

एका गाडीची किंमत २६ सेंट

हे सारे कल्पनेतले भय वाटत असेल तर अमेरिकेत काय झाले ते पाहावे. मार्च २०२४मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक बातमी दिली. सिएटलजवळ राहणाऱ्या एका शेव्हरले बोल्ट चालकाचा विमा २०२२मध्ये एकदम २१ टक्क्यांनी वाढला. त्याच्या नावावर एकही अपघात नव्हता. दुसऱ्या विमा कंपन्यांकडे गेला तर तिथेही तेच चढे दर. अखेर त्याने लेक्सिसनेक्सिस या माहितीच्या दलाल कंपनीकडून स्वतःचा अहवाल मागवला. तो २५८ पानांचा निघाला. त्यात त्याच्या आणि बायकोच्या सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्या टिपलेल्या होत्या. फेरी कधी सुरू झाली, कधी संपली, किती अंतर कापले, वेगमर्यादा कुठे ओलांडली, ब्रेक कधी जोरात दाबला, सगळे. ही माहिती पुरवली होती गाडी बनवणाऱ्या जनरल मोटर्सने.

बोभाटा झाल्यावर कंपनीने दलालांना माहिती देणे थांबवले. ऑगस्ट २०२४मध्ये टेक्सास राज्याने तिच्यावर खटला भरला. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ठपका ठेवला, की कंपनी काही वेळा दर तीन सेकंदांनी गाडीचे ठिकाण टिपत होती आणि ग्राहकांना दिशाभूल करून या योजनेत ओढले गेले. अशी माहिती ग्राहकांची पत तपासणाऱ्या संस्थांना देण्यावर पाच वर्षांची बंदी आयोगाने सुचवली.

यात मला सर्वांत बोलकी वाटते ती किंमत. अमेरिकी सिनेटर रॉन वायडन आणि एड मार्की यांनी जुलै २०२४मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार, होंडाने ९७ हजार गाड्यांची माहिती व्हेरिस्क या कंपनीला दिली आणि त्यापोटी तिला २५,९२० डॉलर मिळाले. म्हणजे एका गाडीमागे २६ सेंट. ह्युंदाईने सुमारे १७ लाख गाड्यांची माहिती दिली, दर गाडीमागे ६१ सेंट. आपल्या रुपयांत २६ सेंट म्हणजे दोन कटिंग चहाचे पैसे. तेवढ्यासाठी कंपनीने आपल्या ग्राहकाची चालचलणूक विकली. त्या ग्राहकाला मात्र वाढीव विम्यापोटी दरवर्षी त्याच्या कित्येक पट पैसे मोजायला लावले.

‘हे अमेरिकेत घडले, आपल्याकडे कुठे?’ असे म्हणून सुटका नाही. भारतीय विमा नियामकाने जुलै २०२२मध्ये ‘जेवढी चालवाल तेवढे भरा’ आणि ‘जशी चालवाल तसे भरा’ अशा विमा योजनांना परवानगी दिलेली आहे. कमी गाडी चालवणाऱ्याला कमी हप्ता, यात अन्याय नाही. पण त्याच दाराने उद्या रात्रपाळीच्या चालकाला ‘धोकादायक’ ठरवून त्याचा हप्ता वाढवता येईल. रात्री गाडी चालवणे ही त्याची हौस नसते, रोजी असते.

‘आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’

हा प्रश्न सभ्य, कायदा पाळणारी माणसे विचारतात. त्यांना वाटते, खासगीपणाची काळजी गुन्हेगारांनी करावी.

२०२४च्या डिसेंबरमध्ये जर्मनीत उघड झाले, की फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख विजेवरच्या गाड्यांची माहिती क्लाऊडवर उघडी पडली होती. त्यातल्या चार लाख साठ हजार गाड्यांची ठिकाणे इतकी अचूक होती, की त्यांवरून मालकाची दिनचर्या मांडता यावी. त्यात राजकारण्यांच्या गाड्या होत्या, हॅम्बुर्ग पोलिसांच्याही होत्या. जपानमध्ये टोयोटाने मे २०२३मध्ये कबूल केले, की २१ लाखांहून अधिक ग्राहकांच्या गाड्यांची माहिती जवळपास दहा वर्षे कुणालाही पाहता येईल अशी पडून होती. टेस्लाच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या गाड्यांतील कॅमेऱ्यांची चित्रणे आपापसांत गंमत म्हणून फिरवल्याचे रॉयटर्सने एप्रिल २०२३मध्ये छापले. या लाखो माणसांनी काय लपवले होते? काहीच नाही. तरीही त्यांचे घर, कचेरी, दवाखाना आणि जाण्यायेण्याच्या वेळा परक्यांपुढे उघड्या पडल्या. अमेरिकेत तर विभक्त राहणाऱ्या पत्नीचा माग नवऱ्याने गाडीच्या अ‍ॅपवरून काढल्याची प्रकरणे पुढे आली आहेत. जीव वाचवायला घर सोडलेल्या बाईला ‘तुला लपवण्यासारखे काय आहे?’ असे विचारून पाहावे.

यादी एकदा तयार झाली की

महाराष्ट्रातल्या मुस्लिमाला हा प्रश्न आणखी एका बाजूने भिडतो. १९९२-९३च्या दंगलीत मुंबईतल्या अनेक कुटुंबांनी इमारतींच्या पाट्यांवरून आपली नावे उतरवली होती. पाटीवरचे नाव टपाल यावे म्हणून लावलेले असते. दंगलीत तेच नाव पत्ता दाखवते. यादी ज्या कामासाठी बनते, त्याच कामापुरती ती राहत नाही, हे आपण पुस्तकात वाचून शिकलेलो नाही.

आता गाडीच्या नंबराचे पाहा. केंद्र सरकारने २०१९मध्ये वाहन नोंदणीची माहिती घाऊक विकण्याचे धोरण आणले. खासगी कंपनीसाठी दर होता वर्षाला तीन कोटी रुपये. त्याच वर्षी जुलैमध्ये परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी संसदेत सांगितले, की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना ही माहिती पाहण्याची मुभा दिली असून त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले. आरटीओत फॉर्म भरताना आपले नाव-गाव विकायला काढले जाईल, याची कल्पना किती जणांना होती? त्या धोरणाच्या मसुद्यातच माहितीचे तुकडे जोडून माणूस ओळखला जाण्याचा धोका नोंदवला होता. धोका माहीत असून विक्री झाली. २०२०मध्ये खासगीपणाच्या कारणावरून हे धोरण मागे घेतले गेले, पण विकली गेलेली माहिती परत येत नसते.

त्याच २०२०च्या फेब्रुवारीत दिल्लीत दंगल झाली. दंगलखोर गाडीच्या नंबरावरून मालकाचे नाव आणि त्यावरून धर्म शोधत असल्याच्या बातम्या आल्या. इंटरनेट फ्रीडम फाऊंडेशनने परिवहन मंत्रालयाला पत्र लिहून वाहन नोंदणीची ही माहिती लोकांना पाहता येणे थांबवावे, अशी मागणी केली.

त्या नोंदीत फक्त नाव होते. कनेक्टेड गाडीच्या नोंदीत जुम्म्याला दुपारी ती कोणत्या मशिदीबाहेर उभी होती, कोणत्या सभेच्या मैदानाजवळ थांबली, कोणत्या वकिलाच्या दारात गेली, हेही असू शकते. मशिदीसारखेच ते बुद्धविहाराचे असेल, चर्चचे असेल, कामगार संघटनेच्या कार्यालयाचे असेल. मोझिला फाऊंडेशनने २०२३मध्ये २५ वाहन कंपन्यांची धोरणे तपासली. एकही कंपनी कसोटीला उतरली नाही. त्यातल्या ५६ टक्के कंपन्यांनी सरकार किंवा पोलिसांनी नुसती विनंती केली तरी माहिती देऊ शकू, असे आपल्या धोरणात लिहून ठेवले होते. विनंतीवर, न्यायालयाच्या आदेशावर नव्हे.

मिस्त्रीला बंद, दलालाला खुली

कंपन्यांच्या ढोंगाचा खरा नमुना गॅरेजमध्ये दिसतो. मालेगाव असो, कुर्ला असो की मिरज, आपल्या समाजातील हजारो कुटुंबे गाडीदुरुस्तीवर जगतात. गाडीचा दोष शोधणारी साधने आणि सुटे भाग या मिस्त्रींना खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ वाहन कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०२०मध्ये गाडीची माहिती मालकाला आणि त्याच्या पसंतीच्या गॅरेजला मिळावी यासाठी मतदान झाले. वाहन कंपन्यांच्या बाजूने प्रचार काय झाला? ही माहिती बाहेर गेली तर ग्राहकांच्या, विशेषतः महिलांच्या जिवाला धोका आहे! तरीही सुमारे ७५ टक्के लोकांनी मालकाच्या बाजूने कौल दिला.

म्हणजे पाना धरणाऱ्या मिस्त्रीला माहिती दिली तर सुरक्षा धोक्यात येते, आणि २६ सेंटला दलालाला विकली तर येत नाही. हा युक्तिवाद करायला मोठी हिंमत लागते.

मागणी साधी आहे

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते. विक्रेत्याच्या माणसाने पेढ्याच्या घाईत ठेवलेले बोट यातल्या कोणत्या अटीत बसते? पण या कायद्याचे नियम यायला २०२५चा नोव्हेंबर उजाडला आणि मुख्य तरतुदी लागू करायला कंपन्यांना आणखी १८ महिने मिळाले. सरकारला हव्या त्या सरकारी यंत्रणेला त्यातून सूट देण्याची सोय तर कायद्यातच आहे. बाजाराला मुदत, सत्तेला सवलत आणि नागरिकाला वाट पाहणे, अशी ही वाटणी आहे.

अमेरिकेने २०१५मध्येच कायदा करून एअरबॅगच्या संगणकातली अपघाताची नोंद गाडीच्या मालकाची ठरवली. त्याची संमती किंवा न्यायालयाचा आदेश असल्याखेरीज इतरांनी तिला हात लावायचा नाही, काही मोजके अपवाद सोडून. पाच सेकंदांच्या नोंदीवर मालकाचा हक्क मान्य असेल, तर वर्षभराच्या फेऱ्यांवर तो का नसावा? गाडीची नोंद ही कंपनीकडे ठेवलेली अमानत आहे. अमानत सांभाळायची असते, बाजारात मांडायची नसते.

म्हणून कायद्यात चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या जाव्यात. गाडी विकत घेताना माहिती पाठवण्याची सोय मुळात बंद असावी आणि ती बंद ठेवली म्हणून वॉरंटी किंवा दुरुस्ती नाकारता येऊ नये. विमा कंपनी वा दलालाला माहिती द्यायची असेल तर त्याची वेगळी, मराठीत लिहिलेली संमती घ्यावी. मालकाला आपली पूर्ण नोंद पाहता यावी, पुसता यावी, हव्या त्या मिस्त्रीला देता यावी. आणि पोलिसांना ती हवी असेल तर न्यायाधीशाचा आदेश असावा.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे. शोरूममध्ये मोबाईल दुसऱ्याच्या हातात देऊ नये. कोणती माहिती जाते, कुणाला जाते आणि बंद कशी करायची, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. त्याला उत्तर देता आले नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी. जुनी गाडी विकताना पडद्यामागचे संपर्क पुसावेत आणि अ‍ॅपमधून गाडी काढून टाकावी. जुनी विकत घेणाऱ्याने आधीच्या मालकाचे अ‍ॅप अजून गाडीला जोडलेले आहे का, हे तपासावे. एका माणसाने विचारले तर विक्रेता हसेल. रोज दहा जणांनी विचारले तर त्याला वरच्या कचेरीला फोन करावाच लागेल.