बोनस वाढवला, पगार तपासलाच नाही!

रविवारची सकाळ. तुम्ही सगळे मस्त लोळत असता त्या वेळी मी कर्वेनगरातल्या एका गॅरेजबाहेर बसले होते. मांडीवर लॅपटॉप, हाताला ग्रीस आणि पोटात गोळा! समोर बाबांची २००२ची होंडा सिटी व्हीटेक.

बाबांनी ती घेतली तेव्हा मी बालवाडीत होते. दीड लिटरचं इंजिन, शंभराहून जास्त हॉर्सपॉवर. लोक वळून बघायचे राव! पुढे ती ऑटोक्रॉसवेड्या चुलतभावाकडे गेली. त्याने २०१२मध्ये प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू बसवला आणि काही वर्षांनी स्वारी कॅनडाला उडाली. गाडी परत आमच्या पार्किंगमध्ये. बाबांचा पासष्टावा वाढदिवस जवळ आला होता. म्हटलं, त्यांच्याच गाडीतून पसरणी घाट चढायचा. सरप्राइज!

प्रॉब्लेम एकच. पेडल दाबलं की बाईसाहेब आधी गचका खायच्या, मग पळायच्या.

बाबांच्या जुन्या पद्मिनीला चोक होता. थंडीत तो ओढला की हवा कमी, पेट्रोल जास्त, आणि इंजिन खोकत खोकत सुरू. एनरिचमेंट म्हणजे हेच. इंजेक्शनच्या गाडीत हा चोक ईसीयूच्या पोटात असतो, आणि तोही एक नाही. एक गार इंजिनसाठी. दुसरा फुल थ्रॉटलसाठी, कारण तिथे जास्तीचं पेट्रोल ताकद देतं आणि इंजिन थंड ठेवतं. तिसरा अचानक पेडल दाबण्यासाठी. हवा झटकन आत जाते, पण पेट्रोलचा काही भाग मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटून राहतो. त्या क्षणाची तूट भरून काढायची ती अॅक्सिलरेशन एनरिचमेंटने.

गचका पेडल दाबल्यावर, म्हणजे तिसरा चोक कमी पडतोय. सिंपल! मी दहा टक्के वाढवले. मग वीस. मग चाळीस. गचका गेला... आणि मागून काळा धूर! प्लग काजळीने माखलेले. तरी मी खूश. चालतेय ना?

गॅरेजवाल्या दादांनी शांतपणे विचारलं, "ताई, हे जास्तीचं पेट्रोल किती वेळ मिळतं?"

"सेकंदभर."

"आणि मग?"

मग काय! मी गप्प.

दादांनी एक्झॉस्टला वाइडबँड सेन्सर लावला, माझे चाळीस टक्के शून्यावर आणले, इंजिन नीट तापू दिलं आणि गाडी डायनोवर चढवली. लॅम्डा १ म्हणजे पेट्रोल आणि हवा अगदी मापात. अशा बिनटर्बो इंजिनला फुल थ्रॉटलला साधारण ०.८८ हवा. आमच्या गाडीने दाखवला १.०२! दादांनी लगेच पाय काढला. घाटात दोन मिनिटं असं पळवलं असतं, तर नॉकिंग होऊन पिस्टनच गेला असता. आणि तेही बाबा ड्रायव्हिंग सीटवर असताना.

आधी फ्युएल प्रेशर मोजलं. फिल्टर तुंबलेला. तो बदलला, जुने रबरी पाइपही बदलले. लॅम्डा ०.९४. अजून कोरडंच! कारण २०१२चं टेबल २०१२च्या पेट्रोलसाठी होतं. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. एरवी ऑक्सिजन सेन्सर ही चूक सावरून घेतो. भावाने ते करेक्शनच बंद ठेवलं होतं. आणि फुल थ्रॉटलला तर टेबल म्हणेल तेच खरं.

मूळ टेबलमध्ये सात टक्के वाढवले. लॅम्डा ०.८८. करेक्शन पुन्हा चालू केलं. मग तिसरा चोक परत लावला. पुरले फक्त बारा टक्के. मी दिले होते चाळीस!

दोस्तहो, पगारच कमी असेल तर दिवाळीचा बोनस किती दिवस पुरणार? आधी प्रेशर, मग गरम इंजिनवर स्थिर थ्रॉटलला मूळ टेबल, आणि एनरिचमेंट सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच आकडा बदला. फुल थ्रॉटलचे प्रयोग रस्त्यावर नकोत. आणि पीयूसी विसरू नका.

वाढदिवसाला पसरणी घाट आला तसा बाबांनी जुन्या सवयीने एसी बंद केला.

"बाबा, गरज नाही हो."

"असू दे गं, चढ आहे," म्हणाले आणि पेडल दाबलं. गचका नाही, धूर नाही. पाचगणी येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. फक्त टेबललँडचा फाटा आला तेव्हा हळूच एसी पुन्हा सुरू केला.