परदेशातील नोकरी आणि मुलांची शाळा

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग ह्या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला. तेव्हापासून परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, रुग्णसेवक अशा व्यवसायांतील तरुणांना परदेशाची वाट खुली झाल्याची चर्चा तुमसर-साकोलीपर्यंत येऊन पोचली आहे. आखाती देशांची वाट त्याआधीचीच. ह्या चर्चेत पगाराचा आकडा असतो, भाषेच्या परीक्षेची धास्ती असते, दलालापासून सावध राहण्याचा इशाराही असतो. जाणाऱ्या माणसाला मुले असतील तर त्यांच्या शाळेचे काय, हा प्रश्न मात्र बहुधा तिकीट काढून झाल्यावर विचारला जातो. वास्तविक पाहता पगाराच्या आकड्याला अर्थ येतो तो शाळेचा खर्च वजा केल्यावर.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर स्थलांतराची काही किंमत पैशात दिसते आणि काही दिसत नाही. विमानभाडे दिसते. सातवीतला मुलगा परक्या भाषेच्या वर्गात वर्षभर मुका बसला तर ते वर्ष कोणत्याही हिशेबवहीत चढत नाही.

आखाताचा विचार आधी करू. तेथील भारतीय कुटुंबांची मुले सामान्यतः खासगी शाळांतच जातात आणि त्यांतील अनेक शाळा आपल्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी, म्हणजे सी.बी.एस.ई.शी, संलग्न आहेत. ह्या मंडळाच्या भारताबाहेरील शाळांची संख्या दोनशेच्या वर असून त्यांतील बहुसंख्य आखातातच आहेत. दुबईतील इंडियन हायस्कूल १९६१ सालचे आहे. म्हणजे पालकाला अभ्यासक्रमाची अनोळख वाटू नये. परंतु शुल्क त्याच्या खिशातून जाते आणि मुळात कुटुंब सोबत नेण्याची परवानगीच पगारावर अवलंबून असते. संयुक्त अरब अमिरातीत त्यासाठी दरमहा किमान चार हजार दिरहम, अथवा राहण्याची सोय मालकाने केली असल्यास तीन हजार दिरहम, मिळकत असावी लागते. ह्या रेषेच्या जरा वर असलेला कामगार कुटुंब नेऊ शकतो, पण घरभाडे देऊन दोन मुलांचे शुल्क भरू शकेलच असे नाही. कायदा परवानगी देतो आणि अंदाजपत्रक ती काढून घेते, अशी ही स्थिती आहे. नोकरीच्या करारपत्रात ‘शिक्षण भत्ता’ हा शब्द आहे की नाही, हे मूळ वेतनाइतक्याच बारकाईने वाचले पाहिजे.

दुसरी अडचण भाषेची. लाखांदूरच्या जिल्हा परिषद शाळेत मराठीतून चौथी झालेल्या मुलीला तेथे इंग्रजीतून प्रवेश चाचणी द्यावी लागते आणि अरबीचा तासही चुकत नाही. मराठी हा विषय तेथे सहसा मिळत नाही. मल्याळी मुलाची गोष्ट निराळी आहे. केरळ राज्याच्या अभ्यासक्रमाच्या शाळा अमिरातीत आहेत आणि केरळची दहावी-बारावीची परीक्षा देण्याची केंद्रे तेथेच असतात. केरळने आपल्या स्थलांतरितांच्या पाहण्या १९९८ पासून वारंवार करून घेतल्या आणि कोण जातो, कोण परततो, मागे घरी कोण राहते हे मोजले. परदेशातून येणारा पैसा मोजणे सर्वांनाच आवडते, त्या पैशामागची घरे मोजण्याचा खटाटोप फार थोडी राज्ये करतात.

जर्मनीचे चित्र जवळजवळ उलट आहे. सरकारी शाळेत शुल्क नाही, परदेशातून आलेल्या मुलांना भाषा येईपर्यंत तयारीच्या वर्गात बसविण्याची पद्धत आहे. आणि शाळेत जाणे सक्तीचे असल्यामुळे ‘मुलगा घरीच संगणकावर आपला अभ्यासक्रम पुरा करील’ ही आपल्याकडची पळवाट तेथे चालत नाही. पैशाचा प्रश्न येथे सुटतो, वयाचा उभा राहतो. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग ही राज्ये सोडली तर बहुतेक ठिकाणी चौथीनंतर, म्हणजे साधारण दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. एक वाट गिम्नाझियमची, जी थेट विद्यापीठाकडे जाते. इतर शाळा प्रामुख्याने व्यवसायशिक्षणाकडे नेतात. पुढे वाट बदलता येते, पण ती चढणीची असते. सहाव्या वर्षी तेथे पोचलेले मूल चार वर्षांत भाषा आत्मसात करून ह्या वळणावर येते. नवव्या-दहाव्या वर्षी पोचलेल्याची पारख मात्र त्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या जर्मनवरून होण्याचा धोका राहतो.

येथे आपल्या मध्यमवर्गीय समजुतीबद्दल थोडे बोलणे भाग आहे. गिम्नाझियम हुकले म्हणजे मुलगा वाया गेला, असे मानणारे पालक तेथेही हाच हिशेब घेऊन जातात. कारखान्यात प्रत्यक्ष काम आणि आठवड्यातून एकदोन दिवस शाळा, अशा जोडशिक्षणातून तयार झालेला तेथील कारागीर प्रतिष्ठेने जगतो. आपल्या आय.टी.आय.कडे आपण ज्या नजरेने पाहतो ती नजर विमानात बसण्यापूर्वी येथेच ठेवून गेलेली बरी.

आणि परतण्याचे काय? आखातातील नोकरीला नागरिकत्वाचा शेवट क्वचितच असतो. माणूस आज ना उद्या परत येतो. त्यावेळी मूल कोणत्या इयत्तेत असेल ह्यावर पुष्कळ अवलंबून असते. सी.बी.एस.ई.च्या दहावीत किंवा बारावीत बाहेरून थेट प्रवेश सहसा मिळत नाही. पालकाच्या बदलीसारख्या कारणाखेरीज नववी आणि अकरावी हीच काय ती आत शिरण्याची दारे. त्याहून महत्त्वाची बाब वैद्यकीय प्रवेशाची आहे. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातील जागेसाठी, थोडे अपवाद वगळता, अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी ह्या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळांतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. दुबईत उत्तम गुणांनी दहावी झालेली भंडाऱ्याची मुलगी ‘नीट’मध्ये कितीही वर आली तरी ह्या अटीपाशी अडू शकते. मग उरतात अखिल भारतीय कोटा आणि अनिवासी भारतीयांच्या महागड्या जागा. दहावीच्या वर्षी घेतलेल्या निर्णयाची किंमत अशी तीन वर्षांनी कळते.

म्हणून माझे मत असे आहे की मूल लहान असेल, पहिली-दुसरीत असेल, आणि मिळकत पुरेशी असेल तर कुटुंबाने एकत्र जावे. आठवी ओलांडलेल्या मुलाला, विशेषतः आखातात, नेण्याची घाई करू नये. त्याने आजी-आजोबांकडे राहून येथली दहावी-बारावी करणे ह्यात कमीपणा नाही. बाप दूर असलेल्या घरात वाढणे सोपे असते असे मी म्हणत नाही. आईवर दुहेरी भार पडतो आणि वृद्धांना पोरांचा अभ्यास घेता येत नाही. तथापि दोन चुकांतील लहान चूक निवडणे, एवढेच पुष्कळदा आपल्या हाती असते.

आपल्याच जिल्ह्यात ह्या प्रश्नाचे एक जुने उत्तर उभे आहे. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत केंद्रीय विद्यालय आहे. बदलीच्या नोकरीतील माणसाच्या मुलाचे शिक्षण तुटू नये म्हणून १९६३ साली केंद्र शासनाने ही योजना उभी केली. काठमांडू, मॉस्को आणि तेहरान येथेही ही विद्यालये निघाली. म्हणजे नोकरीसाठी माणूस हलवायचा तर त्याच्या मुलाची शाळाही हलली पाहिजे, हे तत्त्व शासनाला ठाऊक आहे. ते त्याने आपल्या नोकरांपुरते मान्य केले. करार करून ज्या परिचारिकेला आणि वीजतंत्र्याला शासन बाहेर पाठवू पाहते त्यांना तेच तत्त्व का लागू नसावे?

ह्यासाठी परदेशात शाळा काढण्याची गरज नाही. जिल्हा शिक्षणाधिकारी कार्यालयात एक जाणता लिपिक आणि एक टेबल पुरे होईल. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असतो, त्याचे इंग्रजी भाषांतर लागते. त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणि पुढे परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणीकरण लागते. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या रजिस्टरात दुसरे आणि पारपत्रावर तिसरे, हा आपल्याकडील नेहमीचा घोळ तर महिने खातो. हा घोळ मुख्याध्यापकाने पहिलीच्या प्रवेशावेळीच पाहिला तर पुढचे हेलपाटे वाचतील. शिवाय जर्मन भाषेच्या वर्गांत नोकरीइच्छूंना व्याकरण शिकविताना त्यांच्या पत्नीला किंवा पतीला बोलावून तेथल्या शाळांची दोन तास माहिती देण्यास कोणताही जादा खर्च येणार नाही.

दाखला काढण्याची घाईही नको. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, बाडेन-वुर्टेम्बर्गमधील सप्टेंबरच्या मध्यास, तर आखातातील भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेले असते. व्हिसा हाती पडण्यापूर्वी एप्रिलमध्ये नाव कमी करून घेतले आणि व्हिसा लांबला की मूल कोणत्याच पटावर राहत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, त्यामुळे येथली शाळा त्याला पुन्हा घेईल. पण बुडालेले तास ती देऊ शकणार नाही. नाव पटावर ठेवावे, मुलाला वर्गात बसू द्यावे आणि विमानाची तारीख पक्की झाल्यावरच मुख्याध्यापकांकडे अर्ज करावा.